रेसलमेनिया १७ की रेसलमेनिया ४०: आधी कोणता शो पाहावा?

रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी रेसलिंग कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा शो. एकच मोठा शो पाहून रेसलिंग आपल्याला आवडतंय का हे ठरवायचं असेल, तर जुने चाहते ह्यूस्टनच्या रेसलमेनिया १७चं नाव घेतात आणि नवे चाहते फिलाडेल्फियाच्या रेसलमेनिया ४०चं. माझा जीव दोन्हींवर आहे, पण १७ एका बैठकीत संपतो आणि ४०ला दोन रात्री लागतात, शिवाय आधीची गोष्ट थोडी ठाऊक असावी लागते.

१ एप्रिल २००१. शोच्या थोडेच दिवस आधी कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमेहनने डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनीच विकत घेतली होती आणि त्या विजयाचा जोश शोभर जाणवतो. एज-ख्रिश्चन, हार्डी बंधू आणि डडली बॉईज यांची टेबल, शिड्या, खुर्च्यांची मॅच घ्या. जेफ हार्डी वर टांगलेल्या चॅम्पियनशिपच्या बेल्टना लोंबकळतोय आणि एज शिडीवरून झेपावून त्याला हवेतच स्पिअर (खांद्याची जोरदार धडक) मारतो. कोण कुठला, कुणाचं कुणाशी वैर, काहीही माहीत नसलं तरी माणूस खुर्चीतून उठतोच.

शेवटच्या मॅचसाठी मात्र एक गोष्ट आधी सांगतो: स्टीव्ह ऑस्टिन हा वर्षानुवर्षं मालक विन्सला तुडवणारा लोकांचा लाडका. टेक्सास त्याचं घर. समोर चॅम्पियन रॉक. दोघंही रक्तबंबाळ, दोघंही एकमेकांचे फिनिशर (मॅच संपवणारे हुकमी डाव) वापरतात, तरी पिन (तीन आकडे होईस्तोवर खांदे जमिनीला टेकवणं) काही पडत नाही. आणि मग ऑस्टिन त्याच विन्सची मदत घेतो. विन्सच्या मदतीने मिळालेल्या खुर्चीने रॉकवर वारांमागून वार करतो, बेल्ट जिंकतो आणि विन्सशी हात मिळवतो. कॉमेंटरी करणाऱ्या जिम रॉसचा आवाज अक्षरशः तुटतो, पण स्टेडियम ऑस्टिनचाच जयजयकार करत राहतं. बेल्टसाठी माणूस किती खाली जाईल, हे इतक्या थेटपणे मी दुसऱ्या कुठल्याच मॅचमध्ये पाहिलेलं नाही.

आता ४०, म्हणजे ६ आणि ७ एप्रिल २०२४. इथे सगळं कोडी ऱ्होड्सभोवती फिरतं. त्याच्या वडिलांना, डस्टी ऱ्होड्सना, कंपनीचा मुख्य बेल्ट कधीच मिळाला नाही. कोडी २०१६मध्ये कंपनी सोडून गेला, २०२२मध्ये परतला आणि २०२३च्या रेसलमेनियात चॅम्पियन रोमन रेन्सकडून हरला. पहिल्या रात्री कोडी आणि सेथ रॉलिन्सच्या जोडीविरुद्ध रॉक आणि रेन्स जिंकतात, त्यामुळे ठरलेल्या अटीप्रमाणे दुसऱ्या रात्रीच्या कोडी-रेन्स मॅचला नियमच उरत नाहीत. मग एकेक जण धावून येतो: उसो भाऊ, सोलो सिकोआ, जॉन सीना, रॉक, अंडरटेकर. नवख्याला ही नुसती गर्दी वाटेल. पण सेथ रॉलिन्स शील्डच्या, म्हणजे रेन्ससोबतच्या आपल्या जुन्या गटाच्या, पोशाखात येतो, तेव्हा २०१४मध्ये त्याने रेन्सच्या पाठीत खुर्ची घातली होती हे आठवणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रेन्सच्या हातात खुर्ची आहे, कोडी समोर आहे, तरी तो आधी रॉलिन्सशी जुना हिशेब चुकता करतो. तिथेच रेन्सचं १,३१६ दिवसांचं राज्य संपतं.

२००१चा रॉक लोकांचा नायक, २०२४चा रॉक खलनायक. दोन्ही शो पाहिले की हा फरक फार मजा देतो.

बाकीच्या मॅचेस? १७मध्ये शेन आणि विन्स या बापलेकाची मारामारी जरूर पाहा. कर्ट अँगल आणि ख्रिस बेन्वाची मॅच तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण २००७मध्ये बेन्वाने बायको आणि मुलाचा जीव घेतला, त्यानंतर मला ती पाहवत नाही. तुम्हीही खुशाल पुढे सरकवा. चायना-आयव्हरी मॅच तर सुरू होते न होते तोच संपते. इथे ४० कितीतरी पुढे आहे: रिया रिप्ली-बेकी लिंच आणि बेली-इयो स्काय यांना पुरेसा वेळ मिळाला आणि त्यांनी त्याचं सोनं केलं.

घरात लहान मुलं सोबत बसणार असतील तर सरळ ४० लावा. १७मध्ये रक्त भरपूर आहे, आणि डोक्यावर खुर्ची मारण्यावर तेव्हा बंदी नव्हती.

एकट्याने किंवा मित्रांसोबत पाहणार असाल आणि रेसलिंगची काहीच ओळख नसेल, तर माझं मत १७ला. तो आवडला की २०२३ची कोडी-रेन्स मॅच पाहा आणि मग ४०कडे वळा. ४०ची फक्त दुसरी रात्र पाहायची असं ठरवलंत, तरी पहिल्या रात्रीची एक मॅच सोडू नका: सॅमी झेन विरुद्ध गुंथर. गुंथर ६६६ दिवस इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन होता (हा रेन्सच्या बेल्टहून वेगळा बेल्ट). सॅमीची बायको समोर बसलेली, आणि गुंथर तिच्यादेखत त्याला चेचतो. सॅमी उठतच राहतो, आणि जिंकतो.