परदेशातलं पहिलं वर्ष कुठल्या शहरात? कर्वे रोडवरच्या काउन्सेलिंगचा रिव्ह्यू

लेकीची बारावी सायन्स यंदा झाली आणि बाहेर शिकायचंय हे ती दहावीपासून म्हणत होती, त्यामुळे जायचं की नाही यावर घरात वाद नव्हताच, प्रश्न होता कुठे जायचं. परदेशी शिक्षणाचं काउन्सेलिंग करणारी ही सर्व्हिस नळस्टॉपजवळ एका जुन्या बिल्डिंगमध्ये आहे, दोन मॅडम चालवतात, बोर्ड लहान आहे, पटकन दिसत नाही. फी घेतात, पावती देतात आणि कुठल्याही युनिव्हर्सिटीकडून कमिशन घेत नाही असं लेखी देतात. माझ्या मते हे लेखी देणंच सगळ्यात महत्त्वाचं, कारण फ्री काउन्सेलिंगच्या पाट्या पुण्यात ठिकठिकाणी आहेत, तिथे आपण पैसे देत नाही पण कॉलेज देतं, मग जे कॉलेज पैसे देतं त्याचंच नाव आपल्यापुढे आधी येणार ना. अशा एका ठिकाणी आम्ही जाऊन आलो होतो, तिथे पोरीला कशात इंटरेस्ट आहे ते विचारायच्या आधी बजेट विचारलं आणि एकाच देशाची ब्रोशर हातात दिली.

इथे पहिला प्रश्न जन्मतारखेचा. मला वाटलं फॉर्म भरतायत, पण तसं नव्हतं. बारावी झालेली बरीच मुलं जाताना अजून सतराची असतात आणि त्याने सगळंच बदलतं. जर्मनीत अठराच्या आतल्या मुलाला भाडेकरार स्वतःच्या एकट्याच्या सहीने करता येत नाही, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला अठरा पूर्ण होईपर्यंत तिथे सांभाळणारं कोण हे दाखवावं लागतं. हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. मग मॅडमनी माझ्याकडे न बघता सरळ लेकीला विचारलं, "तुला रात्री ताप आला तर काय करशील, कोणाला फोन लावशील?" ती गप्प बसली, मग म्हणाली आईला. मॅडम म्हणाल्या, "बरोबर, पण तुझ्या रात्री आईकडे किती वाजलेले असतील ते बघू," आणि एक तक्ता काढला. व्हँकुव्हर उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे, मेलबर्न त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे, जर्मनी साडेतीन नाहीतर साडेचार तास मागे. सगळं ठरवणारी ही गोष्ट नाही, पण घरापासून पहिल्यांदाच लांब राहणाऱ्या मुलासाठी आहे, आणि ज्यांची मुलं गेलीयत त्यांना विचारा, पहिल्या वर्षी फोन किती लागतात.

त्यांचं सगळं काम या एका मुद्द्यावर उभं आहे की पहिल्या वर्षासाठी आधी शहर बघायचं आणि रँकिंग त्याच्यानंतर. मला हे शंभर टक्के पटलं. आपण फ्लॅट घेताना पाणी कॉर्पोरेशनचं का टँकरचं हे विचारल्याशिवाय टोकन देत नाही, आणि पोरीला तीन-चार वर्षांसाठी पाठवताना मात्र फक्त युनिव्हर्सिटीचं नाव बघतो.

आता पैशाचं, कारण इथे त्यांनी जे समजावलं त्यानेच माझी फी वसूल झाली. व्हिसासाठी दाखवायचा आकडा बहुतेक देशांत देशाचा असतो, भाडं मात्र शहराचं असतं. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला 992, आणि हा आकडा म्युनिकला तोच आणि लाइपझिगला पण तोच. ऑस्ट्रेलियाने 2024 च्या मे पासून 29,710 डॉलर केले, सिडनी असो की अ‍ॅडलेड. कॅनडाने 2025 च्या सप्टेंबरपासून 22,895 डॉलर, क्युबेक सोडून सगळीकडे, टोरांटोचं भाडं आणि विनिपेगचं भाडं एक आहे का सांगा. ब्रिटनमध्ये मात्र सरकार स्वतःच फरक करतं, 2025 च्या जानेवारीत लंडनसाठी महिन्याला 1,483 पाउंड आणि बाहेर 1,136, नंतर ते अजून वाढले, आणि हे नऊ महिन्यांचे दाखवायचे. वजाबाकी केली तर फक्त शहराच्या नावामुळे तीन हजार पाउंडांच्या वर फरक पडतो, आपल्या रुपयांत साडेतीन लाखांच्या आसपास. आमचे हे शेजारीच बसले होते, त्यांनी लगेच मोबाईलवर हिशोब करून बघितला.

खोलीवर त्या सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि मला वाटतं तो कमीच आहे. अ‍ॅडमिशन मिळाली म्हणजे खोली मिळाली असं आपण धरून चालतो कारण इथे होस्टेल नाही तर कोथरूडमध्ये पीजी मिळतंच. तिकडे तसं नाही. नेदरलँड्समध्ये काही युनिव्हर्सिटी स्वतःच लिहितात की राहायची सोय झाली नसेल तर येऊ नका. डब्लिनला घरांची टंचाई वर्षानुवर्षं आहे. म्युनिकचंही तेच, जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर म्हणून ते कायमच ओळखलं जातं. शिवाय ऑनलाइन खोली दाखवून डिपॉझिट लाटणारे लोक सगळीकडे असतात, त्यासाठी मॅडमनी एक साधा नियम दिला, कोणीतरी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर खोली बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी वसतिगृहांच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव कधी घालायचं हे पण शहरानुसार वेगळं असतं, ते कॅलेंडर करून देतात.

जर्मनीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आमचं तिकडेच ठरलं आणि पुण्यात जर्मन शिकणारी मुलं इतकी आहेत की हे बऱ्याच जणांना लागेल. लेक अकरावीपासून बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनला जर्मन शिकायला जातेय. आमच्या डोक्यात ब्रेमेन होतं, औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज जाणं-येणं, ते पुण्याचं जोडशहर, म्हणून एक आपलेपणा वाटायचा इतकंच. मॅडमनी सांगितलं की नुसत्या बारावीवर आपल्या मुलांना तिकडे थेट डिग्रीला घेत नाहीत. एक तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड क्वालिफाय पाहिजे, मग इंजिनिअरिंग-सायन्सला अर्ज करता येतो, नाहीतर इथे डिग्रीचं एक वर्ष पास व्हायचं आणि त्याच शाखेत अर्ज करायचा, नाहीतर तिकडे जाऊन श्टुडिएनकोलेग, म्हणजे परदेशी मुलांसाठीचा डिग्रीच्या आधीचा तयारीचा कोर्स, करायचा, साधारण दोन सेमिस्टर, शेवटी परीक्षा. म्हणजे श्टुडिएनकोलेग घेतलं तर पहिल्या वर्षाचं शहर आणि डिग्रीचं शहर वेगवेगळं असू शकतं! हे कळल्यावर आमचा सगळा विचारच बदलला. पहिलं वर्ष स्वस्त, आटोपशीर शहरात काढायचं, भाषा पक्की करायची, मग पुढे कुठे जायचं ते तिचं ती ठरवेल.

आणि जर्मनी फुकट हे जे सगळे म्हणतात त्यात पण शहर, म्हणजे खरं तर राज्य, बघावं लागतं. श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं, हायडेलबर्ग ज्या राज्यात येतात तिथे 2017 पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024 च्या हिवाळी सेमिस्टरपासून बॅचलर्सला 2,000 नाहीतर 3,000 युरो लावली, तेही सेमिस्टरला. प्रवासाचा पास मात्र देशभर चालतो, 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला, 2025 ला 58, 2026 ला 63, तरी त्यात सगळ्या लोकल ट्रेन, बस, ट्राम येतात, त्यामुळे शहर लहान असलं म्हणून मूल अडकून पडत नाही.

शेवटी लेकीने लाइपझिग पहिलं आणि हॅनोव्हर दुसरं लिहिलं, दोन्हीकडे सरकारी श्टुडिएनकोलेग आहे. लाइपझिगची युनिव्हर्सिटी 1409 सालची, बर्लिन ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, शहर सायकलवर फिरता येईल एवढं. डिसेंबरमध्ये चारच्या सुमाराला अंधार पडतो हे मॅडमनी तिला दोनदा सांगितलं, एडिनबराला तर त्याच्याही आधी, कारण पुण्याच्या उन्हात वाढलेल्या मुलांना थंडीपेक्षा त्या अंधाराचा त्रास जास्त होतो असं त्यांनी पाठवलेल्या मुलांचं म्हणणं आहे. आणि एक गोष्ट मला फार आवडली, त्यांनी स्वतःहून सांगितलं की इथे एफवायला पण अ‍ॅडमिशन घेऊन ठेवा, श्टुडिएनकोलेगच्या प्रवेश परीक्षेत नाही जमलं तर वर्ष वाया जाणार नाही आणि पुढच्या वर्षी थेट डिग्रीला अर्ज करता येईल. परदेशात पाठवायचंच काम करणारा माणूस पहिलं वर्ष पुण्यात काढ असंही सांगतो, यावरूनच विश्वास बसला.

आता जे नाही आवडलं ते. अपॉइंटमेंट घेऊनही बाहेर बराच वेळ बसावं लागतं, जागा लहान, खुर्च्या कमी, गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने किंवा मेट्रोने जा. जपान, कोरिया, सिंगापूर यांची माहिती पातळ आहे, सिंगापूरची ट्युशन ग्रँट, म्हणजे फीसाठीची सरकारी मदत, घेतली तर नंतर तीन वर्षं तिथे नोकरीचं बंधन असतं हे आम्हालाच विचारून काढावं लागलं, ते त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. लोनसाठी मदत करत नाहीत, फक्त कागदांची यादी देतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, जे 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्या मुलांना जर्मनीच्या व्हिसाला लागतं, त्याची फाइल आपणच भरायची, त्या फक्त तपासून देतात, पण तपासतात बारकाईने, लेकीच्या मार्कशीटवर आणि पासपोर्टवर नावाचा क्रम वेगळा होता तो त्यांनीच पकडला.

पाचपैकी साडेचार. मुलाला सोबत घेऊनच जा, एकट्या आईवडिलांना त्या परत पाठवतात. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि भाषेच्या परीक्षेचं जे काही सर्टिफिकेट असेल ते ओरिजिनल न्या. जर्मनीचा विचार असेल तर अकरावीतच जाऊन या, बहुतेक ठिकाणी हिवाळी सेमिस्टरचे अर्ज 15 जुलैला बंद होतात आणि बारावीचा निकाल लागल्यावर हातात फार थोडे आठवडे उरतात.