ॲलॉटमेंट घ्यावं की मागच्या दारी ग्रीनहाऊस?

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, कळवलं गेलं की चार वर्षांपूर्वी नाव नोंदवलेल्या ॲलॉटमेंटचा (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याचा) नंबर लागलाय, हो की नाही ते लवकर सांगा. नेमकं तेव्हाच तिच्या नवऱ्याने मागच्या अंगणात ग्रीनहाऊस, म्हणजे रोपांसाठी काचेची खोली, उभारायचं मनावर घेतलं होतं. दोघांच्या नोकऱ्या, घरात लहान मुलं. दोन्ही एकदम झेपणारं नव्हतं. मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला दोन्ही केलंय, म्हणून तिने मला विचारलं. फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी आकार डोळ्यासमोर आणा. पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापाने १० रॉड, सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात अडीच गुंठे! अर्धा प्लॉट घेतला तरी सव्वा गुंठा. ६ बाय ८ फुटांचं ग्रीनहाऊस जेमतेम साडेचार चौरस मीटरचं असतं. एकाला शेत म्हणावं आणि दुसऱ्याला खोली, एवढा फरक आहे. ॲलॉटमेंटचं भाडं कौन्सिलप्रमाणे बदलतं, पण वर्षाचं असतं आणि बहुतेक ठिकाणी परवडतं. ग्रीनहाऊसला एकदाच मोठी रक्कम जाते आणि खालची जमीन सपाट करण्याचा खर्च लोक हमखास विसरतात. कुंपणापासून २ मीटरच्या आत उभारत असाल तर उंची अडीच मीटरच्या आत ठेवा, म्हणजे साधारणपणे परवानगीची भानगड नाही. मात्र घर भाड्याचं किंवा जुन्या संरक्षित इमारतीत असेल तर आधी विचारून घ्या.

पैशापेक्षा मोठा प्रश्न आहे तो ऑगस्टचा. आपल्यातली कितीतरी कुटुंबं शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, जुलैच्या शेवटाला भारतात जातात आणि सप्टेंबरच्या तोंडावर परततात. ग्रीनहाऊस ऐन भरात असतं ते याच सहा आठवड्यांत. काचेआड टोमॅटोला रोज पाणी लागतं, कडक उन्हात दोनदाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली, त्या दिवशी माझं दार आणि छताची खिडकी सताड उघडी होती, तरी मिरचीची रोपं दुपारपर्यंत माना टाकून बसली होती. खिडकी आपोआप उघडणारा दांडा मिळतो. त्याच्या नळकांड्यात मेण असतं, ऊन वाढलं की ते फुगतं आणि खिडकी ढकलतं. वीज लागत नाही. तो पहिल्याच दिवशी बसवून घ्या. पण पाणी घालायला शेजारी नसेल तर तोही काय करणार?

ॲलॉटमेंटवर मात्र सुट्टीआधी संपणारी पिकं निवडता येतात. नोव्हेंबरात ‘ॲक्वाडल्स’ जातीचा ब्रॉड बीन (मोठ्या दाण्यांची शेंग) पेरा, जूनमध्ये शेंगा. लसूण ऑक्टोबरात लावा, जुलैत उपटा. लवकर येणारे बटाटे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लावले तर जून-जुलैत काढून होतात आणि करपा यायच्या आत सुटतात. हा करपा म्हणजे इथल्या ओल्या, कोमट उन्हाळ्याचा शाप आहे. उघड्यावरचा टोमॅटो एका आठवड्यात काळा पडतो. ग्रीनहाऊसमध्ये पानं कोरडी राहतात म्हणून तो बराच टळतो. टोमॅटो हेच तुमचं मुख्य स्वप्न असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, काच घ्या.

आता स्वयंपाकघर. ॲलॉटमेंट तुम्हाला ब्रिटनला जे सहज पिकतं तेच देतं, आणि ते आपल्या मसाल्यात फार छान बसतं. ब्रॉड बीनचे दाणे उकळत्या पाण्यातून काढा, वरचं करडं साल बोटांनी दाबून सोडवा. आतून हिरवागार दाणा निघतो. मोहरी-हिंगाची फोडणी, गूळ, आमसूल, वर ओलं खोबरं. वालाच्या डाळिंब्यांची हुबेहूब चव नाही, पण उसळीचं ताट रिकामं होतं. रनर बीन बोटभर असताना काढली तर फरसबीसारखी परतता येते, चार दिवस विसरलात तर नुसत्या शिरा. कूर्जेट (झुकिनी) पीठ पेरून करा किंवा किसून थालीपिठात घाला. दोन झाडं पुरे. मी पहिल्या वर्षी सहा लावली आणि शेजारी दार उघडेनासे झाले. रुबार्ब या भाजीचे आंबट देठ आमटीत चिंचेच्या जागी चालतात. पानं मात्र विषारी, ती घरातच आणू नका.

ज्या चवीसाठी जीव तुटतो त्या बहुतेक काचेआडच्या. मिरची, भेंडी, अळू यांना ऊब हवी. इथे मध्य इंग्लंडमध्ये मेच्या मध्यापर्यंत, कधी त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो, म्हणजे रात्री दंव गोठतं. भेंडीचं खरं सांगायचं तर एवढ्या जागेत चार झाडांवर दर दोन दिवसांनी मूठभर मिळते. भाजी व्हायला फ्रीजमध्ये साठवावी लागते. मी ती आता लावत नाही. अळूने मात्र कधी निराश केलं नाही. किराणा दुकानातले कोंब आलेले अरवीचे दोन कंद मोठ्या कुंडीत, खाली पाण्याची थाळी, जुलैपासून वड्यांपुरती पानं. हिवाळ्यात कुंडी घरात. मिरचीला तर माझ्या मते तोड नाही. एक झाड ऑक्टोबरपर्यंत घरची गरज भागवतं.

मेथी-कोथिंबिरीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो की त्यांना ऊन हवं. त्यांना थंडावा हवा. जूनमध्ये इथे दिवस साडेसोळा तासांचा होतो, आणि कोथिंबीर पानं धरायच्या आधीच फुलावर येते. मार्च-एप्रिलला एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी परत, असं पेरा. बी भारतातून सामानात आणू नका, त्याला फायटोसॅनिटरी, म्हणजे रोगकीड नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. इथल्याच दुकानातले डब्यातले धणे हलके रगडून दोन फाका केले की उगवतात, मेथीदाणेही. ग्रीनहाऊसमध्ये हीच पेरणी वसंतात तीन-चार आठवडे आधी सुरू होते आणि नोव्हेंबरपर्यंत ओढता येते. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत रोपं जिवंत असतात, पण वाढत नाहीत. उजेडच नसतो. हीटर लावून तो आणता येत नाही, नुसतं वीजबिल येतं.

ॲलॉटमेंटवर कष्ट किती, हे कोणी धड सांगत नाही म्हणून सांगते. नवा प्लॉट बहुधा कमरेएवढ्या गवतासकट मिळतो. हरळीसारखं काउच ग्रास आणि बाइंडवीडची वेल खणून जात नाही, तुकडा राहिला की परत फुटते. पहिल्या वर्षी अर्धी जागा पुठ्ठा आणि ताडपत्रीखाली झाका, उरलेल्यातच लावा. कोबीवर कबुतरं, सगळ्यावर गोगलगाई. आणि शेणखत घेताना विचारा. मी एका तबेल्यातून फुकट आणलेलं खत घातलं आणि टोमॅटो, घेवडा, बटाटे सगळ्यांची पानं नेचासारखी वळली. घोड्यांच्या चाऱ्यावर मारलेलं तणनाशक खतात उतरलं होतं. वर्ष गेलं. आता मी आधी कुंडीत थोडं खत घालून घेवड्याच्या चार बिया उगवून बघते, पानं सरळ आली तरच वाफ्यात टाकते.

पण ॲलॉटमेंटवर माणसं असतात. माझ्या शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी मला सॉरेलचा एक गड्डा दिला, तो आपल्या आंबट चुक्याचा भाऊबंदच. दरवर्षी आपसूक फुटतो. ग्रीनहाऊसमधलं अळू आणि प्लॉटवरचा चुका एकत्र शिजवून, दाणे, हरभऱ्याची डाळ, गूळ घालून मी पहिल्यांदा अळूचं फदफदं केलं तो गणपतीचा दिवस होता. डबाभर त्यांनाही दिलं. त्यांनी ते पावाबरोबर खाल्लं आणि चुका अजून हवाय का विचारलं.

मैत्रिणीला मी दोनच गोष्टी विचारल्या. प्लॉट चालत दहा मिनिटांत आहे का? आणि ऑगस्टमध्ये तुम्ही इथे असता का? प्लॉट शाळेच्या वाटेवरच निघाला, आणि ते एक वर्षाआड भारतात जातात. मग मी म्हटलं, अर्धा प्लॉट घे. ग्रीनहाऊस कुठल्याही शनिवारी विकत मिळेल, हा नंबर परत लागायला चार वर्षं जातील. प्लॉट गाडीने अर्ध्या तासावर असता तर उलट सांगितलं असतं, कारण संध्याकाळी फोडणी तडतडत असताना चार मिरच्या तोडायला कोणी गाडी काढत नाही. तिने हो कळवलंय. मिरचीची एक कुंडी तूर्त स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या खिडकीत आहे, आणि लसणाच्या पाकळ्या मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात.