मुंबई दर्शन: गाइडच्या बसने की आपलं आपण?

मे महिन्यात कोल्हापूरहून नणंद आणि तिची पोरं ठाण्याला आली, की हा वाद ठरलेला.

बसचं सुख एकच, पण मोठं: सासूबाईंना जिने चढावे लागत नाहीत. गाइडही बरा असतो. गेटवे पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधला आणि पुरा झाला १९२४ ला, हे मला त्याच्याकडूनच कळलं. पण मलबार हिलच्या बागेतल्या ‘म्हातारीच्या बुटा’पाशी "वीसच मिनिटं हं!" म्हणाला, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. म्युझियम तर खिडकीतूनच पाहिलं.

लोकलने गेलो तेव्हा ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडली, सगळ्यांना बसायला मिळालं. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली याच मार्गावर, बोरीबंदर ते ठाणे धावली, हे सांगताच धाकटा खिडकी सोडेना. सीएसएमटीच्या घुमटाखाली अर्धा तास माना वर! मला हेच आवडतं.

फक्त रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का, ते बघा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीची बाग. सासूबाई सोबत असतील, तर मात्र मी मुकाट बसची तिकिटं काढते.