वर्दी उतरल्यावर : गेटवरची ड्यूटी, सरकारी नोकरी की आपला ट्रेड?

जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गोव्यात पेडण्याला, डिचोलीला घरी येतो. ट्रंक अजून उघडलेली नसते, तोवर सिक्युरिटी एजन्सीचा फोन. माझ्या दादानं लगेच होकार देऊन टाकला. सोळा वर्षं एमटीत, म्हणजे लष्कराच्या वाहन विभागात, काढलेला हवालदार किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या गेटवर गाड्यांचे नंबर वहीत उतरवत बारा-बारा तास उभा राहायचा. मला ते बघवत नव्हतं. तुमच्या घरी हाच प्रश्न असेल, तर तिन्ही वाटा तोलून बघा.

गेटवरच्या नोकरीत कमीपणा काही नाही. परीक्षा नाही, पगार लगेच सुरू, घरही जवळ. पण सुपरवायझरच्या पुढे फारसं जाता येत नाही. करायचीच तर डीजीआरनं, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयानं, पुरस्कृत केलेल्या एजन्सीतून करा. तिथं पगाराचे दर ठरलेले असतात.

सरकारी नोकरीला धीर लागतो, पण सवलती भक्कम आहेत. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के जागा. सरकारी बँका आणि गोवा शिपयार्डसारख्या केंद्राच्या कंपन्यांत १४.५ टक्के, त्यातल्या ४.५ टक्के अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या आश्रितांसाठी. वयातून सेवेची वर्षं आणि वर ३ वर्षं वजा होतात. म्हणजे १७ वर्षं सेवा झालेला ३९ वर्षांचा माणूस १९ चा धरतात. अधिकारी नसलेल्यांचा पगार ठरवताना पेन्शन हिशेबात घेत नाहीत. खाच एकच : आरक्षणावर केंद्राच्या नोकरीत रुजू झालात की तो लाभ संपतो. त्याआधी आणखी कुठं अर्ज केले असतील, तर रुजू होतानाच स्वयंघोषणापत्रात त्यांची यादी लिहून द्या. २०१४ च्या आदेशानं ती सोय आहे.

तिसरी वाट ट्रेडची, म्हणजे सैन्यात जे काम केलं त्याच कामाची, आणि माझा कौल तिलाच. अडतं ते भाषेपाशी. दादाच्या बायोडाटात एकच ओळ होती : ‘एमटी एनसीओ, १६ वर्षं, कॅरेक्टर एक्झेम्प्लरी.’ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतल्या माणसाला यातून काय कळणार? एका रात्री पडवीत बसून मी त्याला नुसतं विचारत गेले. गाड्या किती होत्या? बत्तीस. हाताखाली ड्रायव्हर? चाळीस. डिझेलचं लेजर कोण लिहायचं? ‘मीच.’ सर्व्हिसिंगची तारीख कधी चुकली? ‘चुकून कसं चालेल?’ हेच सगळं आकड्यांसकट कागदावर उतरवलं आणि वर लिहिलं, ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. मुलाखतीत डिझेलच्या हिशेबावर प्रश्न आला तेव्हा दादा अर्धा तास बोलत होता.

स्टोअर्सवाल्यांनी साठ्याची नोंद आणि वार्षिक मोजणी लिहावी, सिग्नल्सवाल्यांनी कुठली यंत्रं जोडली, दुरुस्त केली ते. पेन्शन सुरू असतं, त्या आधारावर सहा महिने थांबता येतं. तोवर सरकारी अर्जही भरत राहा. घरकर्जाचे हप्ते तेवढे थांबू देत नसतील, तर गेटची नोकरी धरून बाकीचं चालू ठेवा.

अजून वर्दीत असाल, तर निवृत्तीआधीचा डीजीआरचा कोर्स ट्रेडला जोडूनच घ्या. दादानं जागा शिल्लक होती म्हणून एक घेतला होता. तो त्याला कुठंच कामी आला नाही.