‘फॉर’चा धडा: पोर की पारा?

मोबाइलवरच्या या स्पॅनिश कोर्समध्ये ‘फॉर’चा धडा आहे. इंग्रजीतल्या एका ‘फॉर’ला स्पॅनिशमध्ये ‘पोर’ आणि ‘पारा’ असे दोन शब्द आहेत. आवाज स्वच्छ आहे, धडा एकदा उतरवून घेतला की नेटशिवायही चालतो. वावरात किंवा एसटीत रेंज गेली तरी अडत नाही, म्हणून खेड्यातल्या विद्यार्थ्याला तो सोयीचा आहे. शिकवण्याची वाट मात्र चुकली आहे. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत येतं आणि मग ‘पोर’ की ‘पारा’ निवडायला सांगतात. इंग्रजीत एकच ‘फॉर’ असल्यामुळे विद्यार्थी अंदाजानं बोट ठेवतात.

मराठी विद्यार्थ्याला हा त्रास घ्यायचं कारणच नाही. इंग्रजीनं एकाच शब्दात कोंबलेले अर्थ आपण आधीच वेगळे करून बोलतो. ‘साठी’, ‘करता’ आलं की बहुतेक वेळा पारा: एस्ते लिब्रो एस पारा मि एर्माना, हे पुस्तक बहिणीसाठी आहे. मुदतीचं ‘पर्यंत’ही पाराच: पारा एल लुनेस, सोमवारपर्यंत. ‘च्या मानानं’सुद्धा त्यातच येतं: पारा सु एदाद, कामिना मुचो, वयाच्या मानानं खूप चालतो.

‘मुळे’, आभाराचा ‘बद्दल’, ‘ऐवजी’ आणि किमतीचा ‘ला’ आला की पोर. गाय वीस हजारांना विकली: बेंदी ला बाका पोर बेइंते मिल रुपियास. पाण्याबद्दल आभार: ग्रासियास पोर एल आग्वा. ‘का’ विचारायचं तर पोर के, ‘कशासाठी’ विचारायचं तर पारा के. कोर्स या दोन प्रश्नांना एकाच ओळीत उरकतो, ही मोठी उणीव आहे. सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे.

‘साठी’ एका ठिकाणी फसवतो. ‘लेकरांसाठी करतो’ यात वस्तू लेकरांना द्यायची असेल तर पारा, पण लेकरांपायी, त्यांच्या खातर राबत असाल तर पोर: लो आगो पोर मिस इहोस. वऱ्हाडातला ‘पायी’ इथे नेमका बसतो. ‘साठी’च्या जागी ‘पायी’ ठेवून पाहा; वाक्य शोभलं तर पोर. कामाचंही तसंच. त्राबाहो पारा मि तिओ म्हणजे काकाकडे कामाला आहे, त्राबाहो पोर मि तिओ म्हणजे काकाऐवजी कामावर उभा आहे. धड्यात ही जोडी आहे आणि ती चांगली समजावली आहे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या जिथे इंग्रजीत ‘फॉर’ येतो पण स्पॅनिशला काहीच लागत नाही तिथे. वाट पाहणं, शोधणं, मागणं या क्रियापदांना पोरही नको, पाराही नको. एसटीची वाट पाहतो: एस्पेरो एल आउतोबुस. मात्र शोधायचं ते माणूस असेल तर ‘आ’ लागतो, अगदी आपल्या ‘ला’सारखा: बुस्को एल लिब्रो, पुस्तक शोधतो, बुस्को आ मि एर्मानो, भावाला शोधतो. मराठी माणसाला हे फुकटात मिळतं आणि कोर्स त्याचा उपयोगच करत नाही! पैसे देण्याचं थोडं वेगळं आहे. पागो एल काफे, कॉफीचे पैसे मी देतो, यात शब्द नको. रक्कम सांगितली की पोर परत येतो.

‘दहा वर्षांपासून इथे राहतो’ याला इंग्रजीत ‘फॉर’ येतो, पण स्पॅनिशमध्ये पोर नाही. बिबो आकी देस्दे आसे दिएस आन्योस, किंवा येबो दिएस आन्योस आकी. हा भाग धड्यात नाहीच, तो वेगळा शिकावा लागेल.

उच्चार नीट ऐका. इंग्रजी धाटणीचा ‘पॅरा’ नाही, स्वच्छ ‘पारा’. प, त, द आपलेच, बिनहवेचे; त आणि द दंत्य.

पैसे भरण्याआधी फुकटचा भाग पुरा करा. वहीत दोन रकाने पाडा, एकात ‘साठी’, दुसऱ्यात ‘मुळे, बद्दल, ऐवजी, ला, पायी’. धड्यातली वाक्यं इंग्रजी झाकून आधी मराठीत लिहा, मगच उत्तर दाबा. चुकलं की लाल शाईनं मराठी शब्दाखाली रेघ ओढा. दहा वाक्यांत रेघा बहुतेक ‘साठी’खालीच दिसतील, आणि सराव तिथेच वाढवायचा आहे.