२८ खणांचा गोळ्यांचा डबा: केमोच्या घरात किती चालतो?

ठाण्यात गावदेवी मार्केटजवळ सर्जिकलच्या दुकानातून हा प्लॅस्टिकचा डबा घेतला, दोनशे रुपयांच्या आत. सात वारांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चार खण: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. कंपनीचं नाव डब्यावर कुठेच नाही, म्हणून इथेही नाही. बीपी-शुगरवाल्यांकडे असे डबे घरोघरी असतात आणि त्यांच्यासाठी ते उत्तमच आहेत. मी लिहितोय ते आईच्या केमोच्या काळात तो कसा चालला याबद्दल. पाचपैकी साडेतीन.

आईला स्तनाचा कॅन्सर. खारघरला टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये डे केअरला केमो लागायची आणि संध्याकाळपर्यंत आम्ही घरी. खरी कसरत त्यानंतरचे चार-पाच दिवस. मी वाशीला बँकेत, त्यामुळे गोळ्यांचा कारभार बाबांकडे. बाबा खोपटच्या एसटी डेपोतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. डबा हातात घेतल्या घेतल्या त्यांनी खोट काढली: झाकणांवर वारांची नुसती इंग्रजी आद्याक्षरं, त्यात दोन एस आणि दोन टी. "सातारा आणि सांगली, दोन्ही गाड्यांना नुसती 'सा'ची पाटी लावली असती तर लोकांनी मला डेपोत कोंडला असता," म्हणाले. मग त्यांनी कागदी चिकटपट्टीवर मराठीत लिहून सगळी झाकणं नव्याने रंगवली. छापील अक्षरं तशीही लवकरच पुसली गेली.

पण मोठी अडचण अक्षरांची नव्हती, वारांचीच होती. डबा चालतो सोमवार ते रविवार, आणि केमोची औषधं चालतात केमोच्या दिवसापासून. पहिले तीन-चार दिवस गोळ्यांची गर्दी, मग एकेक गळत जाते. इथे सुट्या होणाऱ्या पट्ट्या कामाला आल्या. बाबांनी वार काढून टाकले आणि पट्ट्यांवर 'केमो', 'केमो +१', 'केमो +२' असं लिहिलं. डब्याचा सगळ्यात चांगला उपयोग मला इथे दिसला. डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी आमच्या कागदावर सकाळी नाश्त्यानंतर होती. ती उशिरा गेली की आई रात्रभर टक्क जागी, आणि त्यात तिला डायबेटिस, त्या दिवसांत शुगर हमखास वर. तो खण सकाळी दहाला रिकामा आहे की नाही हे बाबांना दिसायचं, मला ऑफिसातून फोन करून विचारावं लागायचं नाही. अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल उपाशीपोटी, म्हणजे सकाळचेच दोन भाग पडतात आणि खण एकच. बाबांनी ती गोळी कागदाच्या पुडीत वेगळी ठेवायला सुरुवात केली. चार खणांऐवजी पाच हवे होते.

रात्रीच्या खणात ओलान्झापीन. मळमळीसाठी कमी डोसमध्ये देतात, झोपही येते म्हणून रात्री. बाबांनी मोबाइलवर नाव टाकून बघितलं आणि मला फोन: "अरे, ही तर मानसिक आजाराची गोळी आहे, तुझ्या आईला का दिली?" त्यांची समजूत डे केअरच्या सिस्टरनेच घातली. डब्यात गोळ्या नावाशिवाय पडलेल्या असतात, म्हणून नंतर झाकणाच्या आत नाव आणि 'कशासाठी' हे दोन्ही लिहिलं. हे काम डबा बनवणाऱ्यांनी करायला हवं: झाकणावर लिहायला जागाच ठेवलेली नाही.

आता डब्यात काय टाकायचं नाही. जिभेवर विरघळणारी मळमळीची गोळी ऑन्डान्सेट्रॉन स्ट्रिपमधून आधी काढून ठेवू नका. ती हवेतला ओलावा ओढते आणि ठाण्यातल्या जुलैबद्दल मी वेगळं सांगायला नको. अ‍ॅप्रेपिटंट ही मळमळीचीच गोळी तीन दिवसांच्या पाकिटात येते, पहिली १२५ मिलिग्रॅमची, पुढच्या दोन ८० च्या. ती पाकिटातच राहू द्या. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, फ्रीजरमध्ये नाही. आणि 'लागली तर घ्या' अशा गोळ्या, म्हणजे जुलाब थांबवायची, बद्धकोष्ठाची, जादा मळमळीची, डब्यात घातल्या की बाबा 'खण भरलाय म्हणजे द्यायची' या हिशेबाने निघतात. ऑन्डान्सेट्रॉनने आईला पोट साफ न होण्याचा त्रास होता. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी खणात बसलेली असणं बरं नाही. या गोळ्यांसाठी चहाचा जुना डबा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'विचारून'.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना केमोच गोळीतून चालू आहे, त्यांनी हाच डबा मागितला होता. कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्या घरातल्या बाकी औषधांत मिसळायच्या नसतात, तोडायच्याही नसतात. त्या मूळ पाकिटातच ठेवायच्या. मी त्यांना दिला नाही, थोडे रागावले.

तापाचा विषय डब्याशी जोडलेला आहे, म्हणून सांगतो. पॅरासिटामॉल आम्ही कुठल्याही खणात ठेवलं नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की आधी हॉस्पिटलला फोन, वेळ कुठलीही असो. आधीच गोळी देऊन ताप उतरवला तर खरा आकडा लपतो. थर्मामीटर डब्याशेजारी ठेवायचो, तो बाबांच्या वहीतला रोजचा रकाना होता.

झाकणांबद्दल मात्र तक्रार आहे. पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झाल्यावर आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, शर्टाचं बटण लावणं जड जायचं. हे झाकण नखाने उचलायला लागतं. तिला ते जमेना, आणि 'मला माझी गोळी घेता येत नाही' याचा तिला केमोपेक्षा जास्त संताप. बाबांनी प्रत्येक झाकणाला चिकटपट्टीचा शेपटीसारखा तुकडा लावला, ओढलं की उघडतं. उलट पट्टी पर्समध्ये टाकली तर तीच झाकणं आपोआप उघडतात, तेव्हा लोकलमधून नेताना पट्टीला रबरबँड लावा.

घेणार असाल तर झाकण पारदर्शक असलेला घ्या, आतली गोळी न उघडता दिसली पाहिजे. दुकानदार आमच्यासमोर इंद्रधनुष्यी रंगांचा डबा पुढे करत होता, दिसायला छान, पण निळ्या झाकणाखाली पांढरी गोळी आहे की नाही ते कळत नाही. आणि पट्ट्या सुट्या निघतात ना, ते दुकानातच काढून बघा.