व्हिएन्नातील काफे श्पेर्ल : आईसोबतचे दुपारचे जेवण

व्हिएन्नातील तिसऱ्या दिवशी नाशमार्क्टचा बाजार पाहून होईपर्यंत आई पार दमली होती आणि तिला जेवणापेक्षाही निवांत टेकायला जागा हवी होती. बाजारापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, गुम्पेनडॉर्फर रस्त्यावर असलेल्या काफे श्पेर्लमध्ये आम्ही शिरलो ते एवढ्याच अपेक्षेने. बाहेर पडलो तेव्हा अडीच तास उलटून गेले होते आणि त्या सबंध वेळात आम्ही आता उठावे असे कोणाच्याही वागण्यातून एकदाही जाणवले नाही.

हे कॉफीहाउस १८८० साली सुरू झाले. उंच छत, पावलागणिक किंचित वाजणारी लाकडी जमीन, लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या थोनेट खुर्च्या, बिलियर्डची टेबले आणि वाचायला ठेवलेली वर्तमानपत्रे, असे सगळे आजही तिथे आहे. मात्र ते प्रदर्शनासाठी मांडल्यासारखे वाटत नाही, कारण शेजारच्या टेबलावरचे आजोबा खरोखरच वर्तमानपत्र वाचत होते. व्हिएन्नाच्या कॉफीहाउस-संस्कृतीचा २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाला आहे. इथे एका कप कॉफीवर हवा तितका वेळ बसता येते, ही त्या संस्कृतीची मुख्य खूण. खिडकीजवळच्या गादीच्या बाकावर आईने पाय मोकळे केले, तेव्हाच आमचा अर्धा शीण उतरला.

आई पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे मागवताना माझ्या मनात धाकधूक होती. तिने फ्रिटाटेनझुप्पे हे सूप निवडले, कारण त्यात धिरड्यासारख्या पातळ पोळीच्या कापलेल्या पट्ट्या असतात, एवढेच आम्हाला ठाऊक होते. वेटरने शाकाहाराविषयीचे आमचे आधीचे प्रश्न लक्षात ठेवले होते. त्यांनी वही खाली घेतली आणि पट्ट्या शाकाहारी असल्या तरी सूपचे पाणी गोमांस उकळून केलेले असते, हे आईकडे पाहून सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितले. त्याऐवजी त्यांनी चीज घातलेले श्पेट्स्ले सुचवले आणि ते अंड्याच्या पिठाचे असते हेही आपणहून सांगितले. आई अंडे चालवून घेते, म्हणून तेच मागवले. ऑस्ट्रियात फिरणाऱ्या शाकाहारी मंडळींनी सूपविषयी हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आवर्जून विचारावा, कारण पदार्थसूचीतील नावावरून ते कळत नाही.

श्पेट्स्ले म्हणजे उकडलेल्या पिठाचे लहान, वेडेवाकडे तुकडे. त्यांत वितळलेले चीज आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. पदार्थ जड आहे, पण सोबतच्या आंबटसर सॅलडमुळे आईने तो जवळजवळ संपवला. मी श्निट्सेल, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ काप, घेतले. नुसते ‘वीनर श्निट्सेल’ लिहिलेले असेल तर ते वासराच्या मांसाचेच असावे लागते. डुकराचे असल्यास तसे स्पष्ट लिहितात. पापुद्रा मांसापासून सुटून फुगलेला आणि अजिबात तेलकट नसलेला होता.

नंतर आईसाठी मेलांज आली, म्हणजे दूध आणि फेस असलेली कॉफी, आणि सोबत आम्ही सफरचंदाचा स्ट्रुडेल, म्हणजे पातळ आवरणात सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, व कॉफीहाउसच्या नावाचा श्पेर्ल टोर्टे हा केक असे दोन्ही मागवले. टोर्टे चांगलाच आहे, पण मला स्ट्रुडेल अधिक आवडला: आवरण कागदासारखे पातळ, सफरचंद थोडे आंबट राखलेले. कॉफीच्या धातूच्या तबकात पाण्याचा पेलाही असतो. व्हिएन्नाला आल्प्समधील झऱ्यांचे पाणी १८७३ पासून नळाने येते आणि ते इतके गोड लागते की आईने दोनदा मागून घेतले. दोन्ही वेळा नवा भरलेला पेला आला आणि त्याचे पैसे लावले गेले नाहीत.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. हा दुर्लक्षाचा प्रकार नव्हे, तर न मागता बिल समोर ठेवणे तिथे पाहुण्याला घालवून देण्यासारखे समजले जाते. ‘त्साहलेन, बिटे’ एवढे म्हणावे. बक्षिसी टेबलावर ठेवून येण्याऐवजी पैसे देतानाच ती धरून एकूण रक्कम सांगायची असते. पाच ते दहा टक्के पुरेसे होतात. निघताना वेटरने आईचा कोट आणून तिला घालायला मदत केली. तिला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी दोघेही आपापल्या भाषेत काहीतरी बोलले आणि हसले.

अर्ध्या तासात पोट भरून पुढचे स्थळ गाठायचे असेल, तर नाशमार्क्टमधील ठेल्यांवर खावे. श्पेर्लला जाताना त्या दुपारी दुसरे काहीही ठरवू नये. यू-४ मेट्रोने केटनब्र्युकेनगासे स्थानकावर उतरून चालत जाता येते, आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर खिडकीजवळचा बाक मागून घ्यावा.